जीप कुठल्या गॅरेजला लावायची

आमच्या जीपला चढाचा कंटाळा होता. सपाटीवर ती झोकात पळायची, पण चढ लागला की तिला धाप लागायची. आमच्या वावराकडं जाताना ओढ्यापलीकडं एक चढ होता. तिथं निम्म्या माणसांनी उतरायचं आणि मागून ढकलायचं, हे ठरून गेलेलं. एकदा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उतरल्या त्या तशाच चालत निघाल्या, जीपच्या आधी वावरात पोचल्या आणि बांधावर बसून आमची वाट बघत राहिल्या. आम्ही पोचलो तेव्हा म्हणाल्या, "आलासा? बसा, दमला असाल." त्या संध्याकाळी घरात ठरलं, की आता हिला चांगल्या गॅरेजला लावायची.

ही गोष्ट सत्तर सालाच्या पुढची, वर्ष काही मला नेमकं सांगता यायचं नाही. कडेगावच्या शिवेला आमची उसाची जमीन. जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. भावकीतले निम्मे पुरुष सैन्यात, त्यातल्याच एकानं ती मिळवून दिली होती. वरून निळा रंग दिला होता, पण बॉनेट उघडलं की आत हिरवा रंग तसाच. चालवायचे फक्त आमचे मालक. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही कधी घेतलं नाही, आता ते गेल्यावर इथं लिहून काय घ्यायचं.

मालक आधी कोयनेच्या प्रकल्पावर होते. धरणाचे दगड वाहणारे मोठाले डंपर होते, त्यातला एक त्यांच्या हाताखाली. त्या डंपरला टर्बो होता. हा शब्द ते अशा कौतुकानं उच्चारायचे, की मला वाटायचं, साहेब लोकांपैकी कुणाचं नाव असावं. शेवटी एकदा विचारलं, "आवं, टर्बो म्हंजे काय असतंय?"

चुलीपुढं बसले होते. म्हणाले, "तुजी फुंकणी बघ. तू फुकतीस तवा चूल फुलती. तसं इंजनाचा जो धूर भाईर जातोय, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरतो, आन तो पंखा इंजनाला वारा घालतो. सोताच्या धुरावर सोताची चूल पेटवायची." मला ते चटकन पटलं. बायकांचं निम्मं आयुष्य त्याच तऱ्हेनं जातं.

मग भूकंप झाला. आमच्या क्वार्टरची भिंत फाटली. आत्याबाईंनी निरोपावर निरोप धाडले, लेकरं घेऊन घरी या, ऊस वाट बघतोय. आणि आम्ही आलो. मालकांचा डंपर तिकडं राहिला, माझी अक्का तिकडं राहिली.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे, शेजारीण. म्हसवडकडची. तिची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी, तिचा नवरा तेवढा शिकून प्रकल्पाच्या स्टोअरात लागलेला. दुपारी पुरुष कामावर गेले की मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसायचो. मी तांदूळ निवडत, ती चातीवर लोकर कातत. चाती म्हणजे लाकडाची टकळी, मांडीवर घासून भिरकावली की गरगर फिरती आणि सूत लांबत जातं. बोलणं काय असायचं? काहीच नसायचं. पण माझ्या थोरल्याच्या वेळी मला विषमज्वर झाला, दूध आटलं, आणि तिनं आपल्या लेकराबरोबर माझं लेकरू पाजलं. महिनाभर. मी खंगून पडून असायचे आणि भिंतीपलीकडं ती दोघांना आळीपाळीनं दटावायची, "आरं थांब की, तुजा भाव पितोय." हे मला ऐकू यायचं. त्याच्यावर मी बरी झाले म्हटलं तरी चालेल.

जीप गॅरेजला लावायचं ठरलं त्या साली दिवाळीच्या आधी मालक कराडच्या बाजारातून आले. जेवताना म्हणाले, "अक्काच्या मालकाची बदली झाली. तिकडं विदर्भात नव्या धरणावर. दिवाळी झाली की जाणार, बिऱ्हाड घिऊन."

मी भाकरी थापत होते. भाकरी मोडली.

आता तुम्ही म्हणाल, एसटी होती की. होती. पण आत्याबाईंना विचारायचं कसं? विचारलंही. त्या म्हणाल्या, "तितं आपलं कोण हाय? ना नात्याचं ना गोत्याचं. शेजारणीला भेटाय एस्टीनं कोण जातंय गं?" वाईट नव्हत्या त्या. त्यांच्या आयुष्यात माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव कधी आलंच नव्हतं, त्यांना तिसऱ्या गावाची ओढ कळणार कुठून. मला फक्त एकदा जाऊन तिच्यापाशी बसायचं होतं, ती जायच्या आधी. एवढंच.

आणि नेमका तेव्हाच घरात गॅरेजचा विषय निघालेला.

तीन नावं पुढं आली. मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लावू, ओळखीचे आहेत, चहा पाजला की काम होतंय. मालक म्हणाले, "त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलाय. जीप नांगराला जुपायची असंल तर न्या."

दुसरं कराडचं. मोठा बोर्ड, लाल अक्षरं, पुढं चार-पाच गाड्या कायम उभ्या. तो मिस्त्री मालकांना म्हणाला होता, "तुमच्या जीपला टर्बो बशिवतो की, काय त्यात." हे ऐकून मालकांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी लग्नातही बघितली नव्हती.

तिसरं सांगलीचं. आत्याबाईंच्या भावानं सुचवलेलं. बोर्ड नाही, म्हातारा मिस्त्री, वेळ लावतो, फार प्रश्न विचारतो, म्हणून लोक वैतागतात अशी ख्याती.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला इंजिनातलं कळत नव्हतं, पण माणूस कसा निवडावा हे कळत होतं. शिंपी काय, सोनार काय, गॅरेजवाला काय, सगळ्यांची पारख एकच. जो आपल्याला शेजारी उभं राहू देतो, काढलेला जुना भाग हातात परत देतो आणि होत नाही ते होत नाही म्हणून सांगतो, तो आपला. त्या हिशेबानं सांगलीचाच मिस्त्री खरा होता, हे मला तिथंच कळलं. पण माझ्या मनात होतं कराड. कारण सरळ होतं. कराडचा मिस्त्री काम झालं की गाडी कोयनेच्या रस्त्यानं चढवून बघतो असं मालक म्हणाले होते. सांगलीवाला बघणार कुठं? मिरजेच्या रस्त्यावर. तिथं कुठं आलीय अक्का.

कारखाना मागं पडला, पण कराड का सांगली यावर चार दिवस वाद चालला. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "कौल लावू."

आमच्याकडं बैल घ्यायचा, मुलगी द्यायची, विहीर खणायची तर देवाला कौल लावतात. देवाच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर लावलेल्या दगडाला, दोन्ही खांद्यांवर ओले जोंधळ्याचे दाणे चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. पण गॅरेजसाठी कौल लावलेला पंचक्रोशीत कुणी ऐकला नव्हता. गुरवसुद्धा जरा अडखळला. "गाऱ्हाणं काय घालू, काकू?"

"घाल की. म्हणावं, देवा, सांगलीचा मिस्त्री पावणार असंल तर उजवा दे."

मालक मान खाली घालून उभे, त्यांचा टर्बो डाव्या खांद्यावर. माझी अक्काही डाव्याच खांद्यावर. आम्ही दोघं नवरा-बायको देवळात उभं राहून एकाच दाण्याकडं बघत होतो आणि एकमेकांना काही बोललो नव्हतो.

उजवा पडला.

बाहेर आल्यावर मालक हळूच म्हणाले, "देवानं कंदी डंपर चालिवलाय का?" पण विषय संपला होता. लागलेला कौल परत लावत नाहीत.

धाकट्याचा कान वाहत होता, त्याला सांगलीच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून मीही जीपमधून गेले. दवाखाना उरकून गॅरेजात आलो. गॅरेज म्हणजे चिंचेखाली पत्र्याची शेड. मिस्त्री कर्नाटकाच्या हद्दीवरचा, बोलता बोलता मधेच कानडी यायचं. जीपला हात लावायच्या आधी त्यानं मालकांना बाकावर बसवलं, जसं काही मालकांनाच दुखतंय.

"अण्णा, ही पळणार कुठं?"

"घाटात चढाय पायजे. कराडवाले टर्बो बशिवतो म्हणत्यात."

"पेट्रोलच्या ह्या जुन्या इंजनाला? इल्ला. न्हाई." मिस्त्री हसला नाही, मान हलवली फक्त. "बशिवतील, बशिवणारे काय बी बशिवत्यात. दुसऱ्या दिवशी पिस्टन हातात घिऊन बसशीला. हिला फुंकर नको, हिचा दम कुठं जातोय ते बघू. बरं, माणसं किती बसत्यात?"

"चार-पाच," मालक म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमी सांगा."

मी पदर सावरून म्हटलं, "अकरा. पोरं मांडीवर धरून. बाजारच्या दिवशी गुळाच्या दोन ढेपा. परवा शेळी होती."

"हां," मिस्त्री म्हणाला. "आता दुखणं कळलं. रिकामी गाडी ट्यून करून घ्यायची आन भरून चालवायची, सगळे असंच करत्यात. आन शिव्या मिस्त्रीला."

मालक माझ्याकडं असे बघत होते जसं मी घरातली भांडणं चावडीवर सांगितली.

दोन दिवस काम चाललं. आम्ही आत्याबाईंच्या भावाकडं उतरलो होतो. मी जाऊन चिंचेखाली बसायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मिस्त्री डोळे मिटून ऐकायचा. कार्बोरेटर उघडून त्यातला गाळ मालकांना दाखवला. जुने प्लग फडक्यात बांधून परत दिले. शेवटी जीप सुरू केली तेव्हा तिचा आवाज असा झाला होता, की जणू कुणी तिच्या छातीवरचा दगड काढला. मालक उठून उभे राहिले.

पण मिस्त्री खूष नव्हता. म्हणाला, "हितं सपाटीवर मी एवढंच करू शकतो. आता हिला खऱ्या घाटात न्या. भरून न्या, अकरा म्हंजे अकरा. खालनं वर चढताना तिसऱ्या गेरात ऐका, खडखड वाजती का. मधी थांबायचं न्हाई, माणूस उतरवायचा न्हाई. वर पोचल्यावर इंजन निवू द्या आन प्लग काढून बघा. काळा असंल तर पेट्रोल जादा जातंय, पांढरा असंल तर कमी. तांबूस पायजे, बिस्किटावानी. काळा निघाला तर परत माझ्याकडं या, बदल करतो, परत घाटात न्या. तांबूस दिसंपत्तूर सोडू नका."

मी धाकट्याला कडेवर घेऊन उठले. जवळचा खरा घाट म्हणजे कोयनानगरच्या पुढचा, कुंभार्लीचा. मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोयनेकडंच न्यावी लागंल मग."

घरी मालकांनी सगळं सांगितल्यावर आत्याबाईंनी एकच विचार केला. "देवानं दिलेला मिस्त्री हाय. म्हणतोय तर जायालाच पायजे." माझे पाय जमिनीवर ठरेनात. मालक म्हणाले, "वजनाला गुळाच्या ढेपा टाकतो, आन आमी दोघं जातो." आत्याबाई म्हणाल्या, "गूळ कशाला घाटातनं हिंदळायचा? घरात माणसं न्हाईत व्हय?"

झालं. आत्याबाई, मामंजी, दोन नणंदा, चुलत सासरे आणि त्यांची मंडळी, पोरं, मालक आणि मी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहाटे निघालो. दशम्या बांधल्या, भंडाऱ्याची पिशवी घेतली. चुलत सासऱ्यांना वाटेत पानपट्टी दिसली की उतरावंसं वाटायचं. आत्याबाई म्हणायच्या, "वजन हाय तुमी, गप बसा."

कोयनानगर आलं. वळणावरून कॉलनीची कौलं दिसली, आमच्या जुन्या क्वार्टरच्या ओळीतला नळ दिसला, नळावर हंडे दिसले. जीप थांबली नाही. मी मान वळवून बघत राहिले. मालक समोर बघत म्हणाले, "येताना."

घाट उतरून खाली पोफळीपाशी जीप वळवली आणि चढ सुरू झाला. मालकांनी सगळ्यांना सांगितलं, कुणी बोलायचं नाही. अकरा माणसं दातखीळ बसल्यागत गप्प. एका बाजूला दरी, एका बाजूला ओला कातळ. मालक एक कान बाहेर काढून ऐकत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. कोयना सोडल्यापासून हरवलेला चेहरा होता तो. डंपर घेऊन ओळीवरून जाताना हॉर्न द्यायचे, तेव्हाचा. जीप कुठं अडखळली नाही, खडखडली नाही, एका सुरात वर आली. माथ्यावर आल्यावर ते हलकेच म्हणाले, "फुंकणी न्हाई हिला, पण चूल झ्याक हाय."

मग त्यांनी जीप सरळ कॉलनीत घातली आणि अक्काच्या दारात उभी करून बंद केली. आत्याबाईंना म्हणाले, "इंजन निवल्याबिगर प्लग काढता येत न्हाईत. तवर चहा हुईल."

इंजिन निवायला लागेल तेवढा वेळ त्यांनी मला काढून दिला होता. इतकं काही त्यांनी मला आयुष्यात दिलं नाही, आणि दिल्याचं बोलूनही दाखवलं नाही.

अक्का दारात आली. वाळली होती. निघायचं अलीकडं आलं होतं, घरात सगळीकडं पोती शिवून ठेवलेली. अकरा माणसं बघून ती आधी भांबावली, मग हसली, मग "या की, या की" करत आत पळाली. चहाचं पातेलं पोत्यात गेलं होतं. तिनं शिवण उसवून पातेलं काढलं. कप शेजारून मागून आणले. साखर तिसऱ्या घरून. मी तिच्या मागं मागं, ही खोली, ती खोली. चुलीपाशी दोघी बसलो तोवर आत्याबाई आत आल्या आणि आमच्या मधे पाट ओढून बसल्या. त्यांना अक्का आवडली हो. घोंगड्याची लोकर कुठली, कातायची कशी, खळ कसली देता, किती किती विचारलं त्यांनी. अक्का त्यांच्याशी बोलत होती आणि माझ्याकडं बघत होती.

थोरल्याला मी पुढं ओढलं. "आरं, अक्का ही. पाया पड." सहा-सात वर्षांचा असेल. तो आत्याबाईंच्या पदराआड गेला. अक्कानं हात पुढं केला, "ये की रं माज्या वाघा," तो आणखी आत सरकला. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "आजीबिगर ऱ्हातच न्हाई बगा." अक्कानं पुढं केलेल्या हातानं चुलीतलं लाकूड मागं सारलं.

आत्याबाई कप घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. एवढाच काय तो क्षण. मला वाटलं आता बोलावं. ती राखेवर पाणी शिंपडत होती. हसून म्हणाली, "तुज्या सासूनं सांगितलं मला. वजन म्हणून आलीस व्हय गं? मला येडीला वाटलं, मला भेटाय आली."

चेष्टाच होती. पण तिचे डोळे हसत नव्हते. मी तोंड उघडलं. देवळातला दाणा, सांगलीची चिंच, ते चार दिवस, सगळं एकदम ओठांवर आलं. आणि आत्याबाई दारात, "आगं एक कप कमी पडला बग."

बाहेरून मालकांनी हाक मारली. इंजिन निवलं होतं. सगळे जीपभोवती जमले. आम्ही दोघीही जाऊन उभ्या राहिलो, खांद्याला खांदा लावून. मालक पाना फिरवत होते आणि मी मनात म्हणत होते, काळा निघू दे. कोळशासारखा काळा निघू दे. म्हणजे परत सांगली, परत घाट, परत ही पायरी.

प्लग निघाला. मालकांनी तो फडक्यात धरून उजेडात फिरवला. फार वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला तरी जरा काळा वाटतोय. एक चक्कर आणखी टाकावी लागंल."

मामंजींनी चष्मा सारखा करून वाकून बघितलं. "कुठं काळा रं? चांगला बिस्किटावानी हाय की. आगदी मिस्त्री म्हणला तसा."

"बघू," आत्याबाई वाकल्या. चुलत सासरे वाकले. नणंदा वाकल्या. सगळ्यांचं एकमत झालं. तांबूस होता तो. मीही बघितला. पोळीच्या डागासारखा, सुरेख, कुठं म्हणून काळा नव्हता. इतका चांगला मिस्त्री होता तो.

मालकांनी प्लग परत बसवला. हळूहळू बसवला, एकेक पीळ देत. पण प्लग बसवायला असा किती वेळ लागणार.

आम्ही आपापल्या जागी बसलो. मी मागच्या फळीशी. अक्कानं आत्याबाईंना कुंकू लावलं, मला लावलं, माझ्या पदरात काही घालावं म्हणून घरात बघून आली आणि मोकळ्या हातांनीच परत आली, सगळं शिवून झालं होतं. मग फळीवरच्या माझ्या हातावर तिनं हात ठेवला आणि जीपबरोबर चालायला लागली. मी म्हटलं, "अक्का, ऐक, मी तुज्यासाठीच..." पण पुढं आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं, पोरांनी गलका केला, आणि मालकांनी गेर टाकला. आधीची जीप असती तर दोनदा आचके देऊन, थांबून, मग निघाली असती. ही एका दमात सुटली. तिचा हात माझ्या हातावरून निघाला तेव्हा ती काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते, मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.